लाल डबा रिकामा दिसला की

कुठल्याही मशीन शॉपमध्ये गेलं की माझी नजर आधी लाल डब्याकडे जाते. भोसरी असो, चाकण असो, शिरोली असो की वाळूज, रिजेक्ट पीस टाकायचा लाल डबा प्रत्येक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनशेजारी असतोच. ऑडिटला दाखवावा लागतो म्हणून तरी असतो. तो आठवडाभर रिकामा राहिला की मालक खूश होतात, फळ्यावर हिरव्या खडूने शून्य लिहिलं जातं. मला नेमकी तिथे काळजी वाटते. धातू कापणाऱ्या मशीनवर पीस अधूनमधून उडणारच, म्हणजे वाया जाणारच. इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं झिजतं, कास्टिंगमध्ये म्हणजे ओतीव भागात ब्लोहोल (हवेची पोकळी) निघतो, पीस पकडणाऱ्या क्लॅम्पखाली चिप (कापलेल्या धातूचा तुकडा) अडकते, रात्रपाळीत तीन वाजता माणसाचा डोळा लागतो. तरीही डबा रिकामाच असेल, तर उडालेले पीस दुसरीकडे कुठेतरी गेलेले असतात.

ते जातात चिप्सच्या ट्रॉलीच्या तळाशी, कूलंटच्या टाकीमागे, कधी जेवणाच्या पिशवीतून गेटबाहेर. हेही एक वेळ परवडलं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे चांगल्या पीसच्या क्रेटमधला मधला थर.

साहेब आणि कामगार यांच्यातला विश्वास यावर बोलायचं असेल तर मला या डब्यापासूनच बोलायला आवडतं. ‘आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे आहेत’ असं कुणीही म्हणतो. पण चूक झाल्यावर खालचा माणूस ती किती मिनिटांत वर सांगतो, हे मोजता येतं.

एक उदाहरण नीट मांडतो. समजा, ३५ एच७ चं बोअर (मिलिमीटरमधलं गोल भोक) आहे. म्हणजे माप ३५.००० ते ३५.०२५, खेळायला पंचवीस मायक्रॉनची जागा. बोअरिंगचा इन्सर्ट झिजत जातो तसं बोअर लहान होत जातं. ३५.०१५ वरून ३५.००५ पर्यंत आलं की ऑपरेटर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीत, ०.०१० वाढवतो. पाळीत दोन-चार वेळा करायचं रोजचंच काम. एका रात्री ०.०१० च्या जागी ०.१०० पडतं. पुढचा पीस ३५.१०५ निघतो. लहान राहिलेलं बोअर पुन्हा कापता येतं, पण मोठं झालेलं बोअर लहान करता येत नाही. पीस भंगारात. इथपर्यंत नुकसान एक कास्टिंग आणि तीन मिनिटांचं मशीनिंग, एवढंच.

आता ऑपरेटर तो पीस मोजतो, त्याच्या पोटात गोळा येतो. आजूबाजूला कोणी नाही. तो ऑफसेट परत जागेवर आणतो, पीस ट्रॉलीत चिप्सखाली सरकवतो आणि कामाला लागतो. पुढचे सगळे पीस चांगले. वरवर पाहता काहीच बिघडलं नाही. पण तो बोलला असता तर मशीन लावून देणाऱ्या सेटरने कंट्रोलरच्या पॅरामीटरमध्ये एका वेळच्या ऑफसेट बदलाला ०.०३० ची मर्यादा घातली असती. बहुतेक कंट्रोलरवर ही सोय असते आणि बहुतेक शॉपमध्ये ती वापरलेली नसते. दहा मिनिटांचं काम. मग त्या मशीनवर ०.१०० कुणालाही टाकता आलं नसतं. पीस लपला की पीससोबत हे शहाणपणही चिप्सखाली जातं, आणि महिन्याभराने शेजारच्या मशीनवर दुसरा ऑपरेटर तोच आकडा टाकतो.

त्या वेळी त्याने पीस मोजलाच नसेल, तर हिशेब आणखी वाढतो. तीन मिनिटांची सायकल म्हणजे तासाला वीस पीस. दर तासाला तपासणी असेल तर वीस पीस संशयाखाली. वीस पीस वाया गेल्याचं सांगायला एकापेक्षा कितीतरी जास्त छाती लागते, म्हणून ते क्रेटमध्ये मिसळले जाण्याची शक्यता तितकीच वाढते. आणि ते कस्टमरच्या असेंब्लीपर्यंत पोचले तर त्याच्या स्टोअरमधला, वाटेत ट्रकमध्ये असलेला आणि आपल्या एफजीतला (तयार मालाच्या साठ्यातला), असा सगळा माल शंभर टक्के सॉर्ट करावा लागतो. माणसं आपली, खर्च आपला, वर डेबिट नोट, म्हणजे आपल्या बिलातून कापलेले पैसे.

माणूस का सांगत नाही? ‘या पोरांना जबाबदारीची जाणीवच नाही’ हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. कारणं स्वभावात नसतात, आपण लावलेल्या व्यवस्थेत असतात.

पहिलं कारण पैसा. पीस उडाला की पगारातून कापायचं, ही पद्धत छोट्या शॉपमध्ये सर्रास दिसते. कायदा काय म्हणतो ते बहुतेक मालकांना माहीत नसतं. दंड करायचा तर त्या पगारकाळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. हप्त्याहप्त्याने वसूल करता येत नाही, ९० दिवस उलटल्यावर तर अजिबात नाही. त्याची नोंद ठेवावी लागते आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी लागते, मालकाच्या खिशात घालता येत नाही. नुकसानभरपाई कापायची तरी आधी माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. कास्टिंगचे दोनशे रुपये कापले की पुढच्या वेळी माणूस गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याची किंमत सॉर्टिंगच्या एका फेरीत हजारोंनी द्यावी लागते.

दुसरं कारण चारचौघांतला पाणउतारा. सकाळच्या मीटिंगमध्ये रिजेक्ट पीस टेबलावर ठेवून ‘हा कुणाचा पराक्रम?’ असं विचारलं जातं. तिथे पन्नाशीचा टर्नर असतो, त्याच्या गावचीच दोन पोरं ट्रेनी म्हणून उभी असतात. त्या एका वाक्यानंतर तो टर्नर वर्षभर काही सांगणार नाही, आणि ती दोन पोरंही सांगणार नाहीत.

तिसरं कारण ठेकेदारी. आज बऱ्याच शॉपमध्ये मशीनवरचा माणूस कंपनीच्या हजेरीवर नसतो. उद्या गेट पास मिळेल की नाही हे सुपरवायझरच्या एका फोनवर ठरतं. ‘चूक झाली तर मोकळेपणाने सांगा’ असा बोर्ड त्याच्यासाठी नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याने चूक सांगितली म्हणून त्याचा पास बंद होणार नाही, हे ठेकेदाराला प्लांट हेडने स्वतः, समोर बसवून सांगावं लागतं. सुपरवायझरमार्फत पाठवलेला निरोप इथे चालत नाही.

चौथी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण कोल्हापूर पट्ट्यात काम केलेल्या प्रत्येकाला ती कळेल. फाउंड्रीची कास्टिंग मशीन शॉपमध्ये येतात तेव्हा रिजेक्शनचे दोन ढीग होतात. सीआर म्हणजे कास्टिंगचा दोष, तो फाउंड्रीच्या खात्यावर. एमआर म्हणजे मशीनिंगचा दोष, तो आपल्या खात्यावर. महिनाअखेरीला एमआर वाढलेला दिसला की साहेब हळूच म्हणतात, ‘त्यातले चार सीआरमध्ये टाक.’ हे वाक्य ऐकणारा ऑपरेटर त्या दिवशी एक धडा शिकतो: इथे खरं काय झालं याला महत्त्व नाही, ते कुणाच्या खात्यावर गेलं याला आहे. फाउंड्रीला फसवायला ज्याला शिकवलं, त्याने आपल्याला मात्र खरं सांगावं ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? माझं मत इथे पक्कं आहे. सीआर-एमआरचा हिशेब काटेकोर ठेवल्याशिवाय शॉपमध्ये विश्वास येत नाही. सीआरच्या प्रत्येक पीसवर दोषाच्या जागी पेंट मार्करने गोल काढायचा. गोल नसलेला पीस एमआर. वाद झाला तर फाउंड्रीच्या माणसाला बोलावून दोघांनी एकत्र बघायचं.

आता मधली पायरी. लपवालपवीचं खापर ऑपरेटरवर फुटतं, पण मी पाहिलेल्या बहुतेक शॉपमध्ये बातमी अडते ती सुपरवायझरपाशी. ऑपरेटर त्याला सांगतो, तो म्हणतो, ‘बघू, आत्ता डिस्पॅच जाऊ दे.’ तो वाईट माणूस नसतो. त्याला दर दोन तासांनी फोन येतो तो नंबरसाठी, ‘किती झाले?’ क्वालिटीचा फोन फक्त कस्टमरची तक्रार आल्यावर येतो. जे दर दोन तासांनी विचारलं जातं तेच तो जपतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर त्या फोनमध्ये दुसरा प्रश्न घाला: ‘काही अडलंय का?’ आणि अडलंय म्हणाला तर त्या दिवसाचा नंबर कमी करून द्या, स्वतःच्या तोंडाने. नंबर तोच ठेवून ‘क्वालिटी पण सांभाळ’ म्हणणं म्हणजे त्याला लपवायला सांगणंच आहे.

सुपरवायझर मंडळींना हे पटवायचं असेल तर डेमिंगचा लाल मण्यांचा प्रयोग करून दाखवावा. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी उद्योगांना गुणवत्तेचे धडे देणारे. त्यांच्या शिबिरांत हा प्रयोग असायचा. एका डब्यात ४००० मणी: ३२०० पांढरे, ८०० लाल. पन्नास खळ्यांचं एक पॅडल. सहा ‘कामगार’ पुढे बोलवायचे आणि सांगायचं, आपल्याला फक्त पांढरे मणी काढायचे आहेत, लाल म्हणजे रिजेक्ट. प्रत्येकाने पॅडल बुडवायचं, पन्नास मणी उचलायचे, लाल किती ते मोजायचं. फोरमन कमी लाल आलेल्याची पाठ थोपटतो, जास्त आलेल्याला झापतो, शेवटी वाईट आकड्यांच्या तिघांना घरी पाठवतो.

गंमत म्हणून बसलेली माणसं तिसऱ्या फेरीला अस्वस्थ होऊ लागतात, कारण कुणाच्याच हातात काही नाही हे डोळ्यांसमोर दिसत असतं. डब्यात वीस टक्के लाल, तर पन्नासात सरासरी दहा येणार. त्याभोवतीचा स्वाभाविक चढउतार काढला तर साधारण २ ते १८. म्हणजे आज ६ आलेल्याला शाबासकी आणि १५ आलेल्याला मेमो, दोन्ही बिनबुडाचे. लाल कमी करायचे तर डब्यातले लाल कमी करावे लागतात, आणि डबा भरण्याचं काम मॅनेजमेंटचं. मणी बाजारात मिळतात, पन्नास उथळ खळ्यांची प्लेट टूल रूममध्ये तासाभरात ड्रिल होते. फोरमनच्या जागी प्लांट हेडने उभं राहावं आणि कामगारांच्या जागी सुपरवायझरांनी. त्यानंतर आपल्याच शॉपच्या मागच्या तीन महिन्यांच्या ऑपरेटरनिहाय रिजेक्शनच्या आकड्यांसाठी अशीच चढउताराची मर्यादा काढून ती लावून बघायची. ‘हा निष्काळजी’ म्हणून शिक्का बसलेली बरीच नावं मर्यादेच्या आतच सापडतात.

चूक दिसली की तिथेच थांबायचं, हा विचार जपानमध्ये यंत्रापासून सुरू झाला. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला जी-टाइप स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड पुढे विणलं जात नसे. पुढे टोयोटाच्या मोटारींच्या लाइनवर हेच काम माणसाच्या हाती दिलेल्या दोरीने केलं. कामगाराने दोरी ओढली की दिवा लागतो, आवाज होतो, टीम लीडर धावत येतो. गाडी पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाही सुटली तर थांबते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा बदनाम कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये तोच टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला तेव्हा कामावर घेतलेले बहुसंख्य लोक जुनेच होते. माणसं तीच असूनही थोड्या काळात गुणवत्ता कितीतरी वर गेली.

आपल्याकडे अँडॉनचे, म्हणजे अडचण कळवणारे असे दिवे बसवले जातात, पण टीम लीडर धावत येत नाही. दहा मिनिटं दिवा लागलेला, कोणी फिरकत नाही. शेवटी जो येतो तो विचारतो, ‘लाइन का थांबवली?’ दोन-तीनदा असं झालं की बटणावर धूळ बसते. दिवा स्वस्त आहे. महाग आहे ते दिवा लागल्यावर जाणारं माणूस राखून ठेवणं. टीम लीडरलाच एखादं मशीन चालवायला दिलं असेल तर तो येणार कसा? पाच-सहा ऑपरेटरमागे एक मोकळा माणूस हवा. हे मनुष्यबळ ‘जास्तीचं’ म्हणून आधी कापलं जातं, आणि विश्वास तिथेच संपतो.

साहेब मशीनपाशी पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. पहिलं वाक्य, ‘बरं झालं सांगितलंस.’ मनात राग असला तरी हेच. मग तीन प्रश्न: मशीन थांबलंय का, शेवटचा मोजलेला चांगला पीस कोणता, मधले पीस कुठे आहेत? ‘कुणी केलं’ हा प्रश्न या पाच मिनिटांत नाही. शेवटच्या मोजलेल्या चांगल्या पीसपासून आत्तापर्यंतचे सगळे पीस पिवळ्या टॅगखाली वेगळे. इथे घाईत एक चूक होते. ऑफसेटसारखं कारण असेल तर बिघाड एका क्षणी सुरू होतो, तेव्हा मागे मोजत गेलं की हद्द सापडते. पण क्लॅम्पखाली चिप अडकत असेल तर वाईट पीस मध्येमध्ये येतात. तिथे सलग पाच चांगले मिळाले म्हणून थांबायचं नाही, सगळेच मोजायचे.

टॅगवर वेळ, मशीन नंबर, कुठलं माप, किती आलं आणि कुणाच्या लक्षात आलं, एवढं पुरे. बऱ्याच छापील टॅगवर ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना असतो. तो काढून तिथे ‘लक्षात आणून देणारा’ असं छापा. नाव तेच असलं तरी माणूस ते लिहिताना हात आखडत नाही.

पुढच्या वेळा ठरलेल्या हव्यात आणि त्या भिंतीवर लिहिलेल्या हव्यात. दहा मिनिटांत सुपरवायझर मशीनवर. तीस मिनिटांत सुटलं नाही तर प्रॉडक्शन मॅनेजर. दोन तासांत सुटलं नाही तर प्लांट हेड, रात्र असली तरी फोन. उतरंड मला खुपत नाही. कारखान्यात ती लागतेच. फक्त अडचण आली की तिने खाली उतरून मशीनपाशी यायचं, ऑपरेटरला केबिनमध्ये बोलवायचं नाही. केबिनमध्ये गेलेला माणूस पीस दाखवू शकत नाही, नुसता खुलासा देत राहतो.

लाल डबा उघडण्याची वेळ पाळी बदलताना ठेवा. सकाळी दहाच्या मीटिंगला रात्रपाळीचा माणूस घरी झोपलेला असतो, आणि त्याच्या पीसवर बाकीचे तर्क लढवतात. सात, तीन आणि अकरा अशा पाळ्या असतील तर सातला जाणारा आणि येणारा दोघंही मशीनवर हवेत, दहा मिनिटं. इथे आडवी येते ती कंपनीची बस. बस सात-पाचला सुटत असेल तर पावणेसातलाच हात धुवायला रांग लागते आणि हँडओव्हर चालता चालता होतो. बस सात-वीसला करा, त्या वाढीव मिनिटांचा मोबदला द्या. दहा मिनिटांत डबा उघडायचा, पीस हातात घ्यायचा, जाणाऱ्याने काय झालं ते सांगायचं, येणाऱ्याने प्रश्न विचारायचे, सुपरवायझरने लिहायचं. डब्याला कुलूप आणि वर फट असावी, म्हणजे टाकलेला पीस कुणी परत काढून घेत नाही. किल्ली क्यूसीकडे, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे.

सगळं माफ, असा याचा अर्थ नाही. दरवाजा उघडा असताना मशीन चालू न देणारा इंटरलॉक तार लावून बायपास करणं, न मोजता चेकशीट भरणं, माहीत असताना वाईट पीस चांगल्यात मिसळणं, या तीन गोष्टींवर कारवाई झालीच पाहिजे. साहेबाच्या मर्जीतल्यावरसुद्धा. ही यादी आधी सांगितलेली आणि छोटी असावी. आकडा चुकला, इन्सर्ट तुटला, जॉब उलटा लागला, हे त्यात येत नाही. जॉब उलटा लागू शकत असेल तर फिक्स्चरला, म्हणजे जॉब बसवायच्या साच्याला, तो उलटा बसू न देणारी एक पिन कमी आहे.

हे सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने रिजेक्शनचा आकडा वाढतो. आधी लपलेलं बाहेर येत असतं. मालकाला हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात तो सगळं गुंडाळून टाकेल. त्या काळात एकूण टक्केवारीकडे बघू नका. प्रत्येक रिजेक्शनपुढे लिहा की ते ऑपरेटरने स्वतः सांगितलं, क्यूसीने पकडलं की कस्टमरकडून आलं. आणि स्टोअरमधून दिलेली कास्टिंग रोज जुळवा: चांगले, लाल, पिवळे, मशीन सेट करताना वापरलेले आणि शिल्लक मिळून दिलेल्या संख्येइतके होतात का? १६० दिले आणि १५८ चाच हिशेब लागला, तर ते दोन पीस कुणी नेले हे शोधत बसू नका. त्या पाळीत सुपरवायझर कोण होता आणि त्याला त्या दिवशी किती नंबरचा फोन गेला होता, ते आधी बघा.